तोवर आकडा दाताचा

—नाही, नाही, तुम्ही बोलूच नका. गाल बघा केवढा सुजलाय, बोललात तर फुटेल. मी बोलतो, तुम्ही नुसती मान हलवा. आत ती मदतनीस बाई आहे ना, ती बाहेर येऊन विचारेल, यांच्याबरोबर कोण आहे? — की तुम्ही मान हलवायची. उभी. बस. तेवढंच काम. मी सांगेन, हे माझे साडू. भाऊ म्हटलं तर चेहरा जुळावा लागतो, साडूचा कुणाशीच जुळत नाही, कुणी खोलात शिरत नाही. आणि तुमचं तोंड असं सुजलेलं म्हटल्यावर दोघं साडू एकदमच आलो दात दाखवायला, असं वाटेल. किती सोयीचं आहे बघा! माझा खरा साडू आहे, नाही असं नाही, पण त्याच्या कानावर गोष्ट घातली की अख्ख्या नात्यागोत्यात डांगोरा. त्याला आणण्यापेक्षा मी दोऱ्याने दात उपटेन.

आधी सरका हो इकडे, त्या माशांच्या पेटीपासून. वास येतोय. तुम्हाला नाही येत? नशीबवान आहात. पाण्यावर हिरवा तवंग आलाय, मासा एकच उरलाय, तोही कलंडून पोहतोय, आणि वर कागद चिकटवलाय — काचेवर टकटक करू नये. शी! कोण करतंय टकटक? आणि दातांच्या दवाखान्यात मासे कशाला लागतात म्हणतो मी, मन रमायला? त्या आतल्या यंत्राचा आवाज ऐकत मन रमवायचं का? हे मासिक बघा, पानं ओली. का ओली? नको, विचारच करायला नको. लवंगेच्या तेलाचा वास, फिनेलचा वास, आणि त्याच्याखाली तो तिसरा — माणसाच्या तोंडाचा. कितीही पुसा, तो जात नाही.

काय आहे, माझं नाक वाईट आहे. म्हणजे चांगलं आहे, म्हणून वाईट. जन्म डेअरीत गेला माझा. दूध तपासायला होतो. सकाळी कॅन यायचे, ओळीने, आणि मी एकेक झाकण काढून हुंगायचो. दूध नाही हं — झाकण. दुधाला घाई असते पुढे जायची, वास झाकणाला धरून बसतो. एक श्वास, की कळलंच, घे आत नाहीतर ने परत. लोक गयावया करायचे, साहेब, दूध चांगलं आहे हो, कॅन तेवढा नीट धुतला गेला नाही. मी म्हणायचो, मला काय कळणार, तुझा कॅन घाण की तुझं दूध? वास येतोय, परत. कधीकधी खरंच कॅनच घाण असायचा. मला कळायचंही. तरी परत. किती दूध गटारात गेलं असेल — जाऊ दे, तो विषयच नाही. विषय हा की अशा नाकाच्या माणसाला देवाने कुजकी दाढ दिली. ही, खालची, मागची. सकाळी डोळे उघडायच्या आधी जिभेवर ते खारट, आंबूस — नाही सांगत. स्वतःच्याच तोंडाची किळस येते म्हणजे काय ते मला विचारा. जेवताना मी श्वास रोखून गिळतो.

मग काढून टाका म्हणाल. अहो, तेच तर! काढायलाच आलोय. मागेही आलो होतो. पण हे एकट्याची काढत नाहीत. म्हणजे तुमची काढतील, माझी नाही. का, तर लिव्हर. लिव्हर बिघडलं की रक्त पटकन गोठत नाही म्हणे, दाढ काढल्यावर थांबलंच नाही तर काय घ्या, म्हणून घरचं माणूस बरोबर पाहिजे. बघा, गेल्या की नाही भुवया वर? सगळ्यांच्या जातात. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. थेंब शिवला नाही हो जन्मात! दूध प्यायलो मी, दूध. लहानपणी सगळ्या आळीला एकच सुई टोचून गेला होता कुणीतरी, त्यातून कावीळ झाली, कावीळ गेली असं सगळ्यांना वाटलं, ती कुठे जाते, आत बसून राहिली मुक्कामाला. आणि म्हातारपणी तिचं हे झालं — कॅन्सर. घ्या, म्हटलं एकदाचं. सरकू नका, लागत नाही तो.

एकदा कापलाय. हे इथून इथपर्यंत, बघायचंय? नको, बरोबर, मलाही बघवत नाही. पँटचा पट्टा तिथेच बसतो नेमका. तेव्हा सर्जन म्हणाला, छान झालं, सगळं निघालं. आम्ही मिठाई वाटली, ही वाटत सुटली, मी म्हणत होतो, अगं लिव्हरचा तुकडा काढल्याची मिठाई वाटतात का? आणि वर्ष उलटलं न उलटलं, तपासणीत परत एक ठिपका. दुसऱ्याच कोपऱ्यात. परत आलंय म्हणाला सर्जन. पाहुणा आल्यासारखं म्हणाला. पण घाबरू नका, जागा बरी आहे, लहान आहे, दुसऱ्यांदा कापता येईल. फक्त रक्त बघू या.

इथून सुरू झाला तो घाणेरडा प्रकार. रक्तात म्हणे पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या जाती असतात. एक जात म्हणजे कुठे खुट्ट झालं की धावत सुटणारी, आरडाओरडा करणारी. दुसरी जात गुपचूप नीट काम करणारी. पहिलीला दुसरीने भागायचं. भागाकार मोठा आला की रक्तात दाह आहे. आणि दाह असलेल्या माणसाला हा रोग परत परत येतो, आणि दुसऱ्यांदा कापूनही तो फार दिवस काढत नाही. असं शेकडो पेशंटांचं बघून ठरवलंय. सर्जन माणूस वाईट नाही हं, नीट समजावून सांगत होता, एवढ्यावरच सगळं ठरत नाही म्हणाला, पण दाह एवढा असेल तर मी तुम्हाला परत त्या टेबलावर घ्यावं की नाही याचा विचार करायला लागेल, कारण कापण्याचा त्रास तुम्हाला व्हायचा आणि हाती काही लागायचं नाही. दाह! शब्द बघा. मला वाटायचं दाह छातीत होतो, तिखट खाल्लं की. हा भागाकारात होतो. आणि माझा मोठा आला.

घरी तर काय, उत्साहच. आमचे जावईबापू — लेक गुणी आहे, जावई हुशार आहे, हुशार जावयासारखी दुसरी कटकट नाही — त्यांनी फोनवर आलेख काढला. माझा. म्हणजे माझ्यासारख्यांचा. एक रेघ वर, त्यांचा दाह कमी, एक रेघ खाली, त्यांचा जास्त, आणि खालची रेघ पायरी पायरीने उतरत जाते. मी विचारलं, या पायऱ्या कशाच्या? तर म्हणाला, बाबा, एकेक पायरी म्हणजे... आणि पाणी प्यायला आत गेला. कळलं मला. एकेक पायरी म्हणजे एकेक माणूस गेला. हा प्रकार त्याने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तिकडून मावश्या, आत्या, विहीणबाई सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. वीट आला मला. रोज सकाळी फोन — काका, रेशो किती? मेव्हणी विचारते, रेशो उतरला का? जन्मात भागाकार जमला नाही त्या बाईला, दुकानदार कायम गंडवतो तिला, आणि ती माझा रेशो विचारते!

हसताय? हसू नका, दुखेल.

तर मग सर्जननेच विचारलं, की शरीरात दुसरीकडे कुठे पू, जंतू, जखम असं काही आहे का, कारण त्यानेही हा आकडा वाढतो. छाती बघितली, लघवी बघितली. आणि ही एकदम उठूनच उभी राहिली खुर्चीतून. अहो, यांची दाढ! तुम्ही तिचा चेहरा बघायला हवा होता. दाढ कुजलीय म्हणून एवढा आनंद झालेली बाई मी आयुष्यात बघितली नाही. सर्जन म्हणाला, मग आधी ती काढा, बरी झाली की रक्त परत बघू, तेव्हा खरा आकडा कळेल. कागदावर लिहून दिलं, रक्त गोठण्याचे रिपोर्ट जोडले — हे बघा, खिशातच आहे — आणि ही सगळ्यांना फोन करत सुटली, अगं काही नाही गं, दाढेमुळे आहे ते सगळं. जाळी झाडताना म्हणायची, दाढेमुळे. जेवायला वाढताना म्हणायची, मेली दाढ, जीव घेत होती माझा. त्या दाढेचा एवढा उदोउदो झाला घरात, की मला वाटलं आता तिचा फोटो लावतात भिंतीवर.

आलो मग इथे. एकटाच आलो. हिला म्हटलं, तू नको, तुला यंत्राचा आवाज सहन होत नाही. डॉक्टरीणबाईने बघितलं, टोचलं, पू काढला थोडा — तो वास, आईगं, डॉक्टरणीनेसुद्धा मान फिरवली — कापूस कोंबला आणि म्हणाली, बाबा, तुमचं लिव्हरचं आहे, मी अशी एकट्याची काढणार नाही, घरचं कुणीतरी घेऊन या, तोवर या गोळ्या घ्या. झालं, गेलो परत. दार उघडलं तर ही समोरच. निघाली? म्हणाली. तोंडात कापूस. मला बोलता येईना. आणि ती अशी बघत होती माझ्याकडे — अशी — आणि मी मान हलवली.

उभी, हो. उभी हलवली.

का म्हणजे? मला काय माहीत का! कापूस काढून सांगणारच होतो. पण तोवर तिने मला खुर्चीत बसवलं होतं, सूप आणलं होतं, डोक्यावरून हात फिरवत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, डोक्यावरून हात कधी फिरवला नव्हता तिने. म्हटलं उद्या सांगू. उद्या तिने सगळं मऊ करून ठेवलं. पाव दुधात बुडवून. भाज्या कुस्करून. दाढ तोंडात शाबूत आणि मी तान्ह्या बाळासारखा कुस्करलेलं खातोय, किळसवाणं हो! गोळ्यांनी ठणका गेला, सूज बसली, मग तर काही बोलायलाच नको. चारचौघांना वाटलं बरा झाला. दाढ आत तशीच कुजत. आणि मनात मी म्हणत होतो, जाईन, काढून येईन गुपचूप, आज नको, सोमवारी — मग सोमवारी वाटायचं, नको, गुरुवारी.

खरं सांगू? सांगतो, तुम्ही काय, तुम्हाला बोलता येत नाही. मला ती काढायचीच नव्हती. ती आहे तोवर आकडा दाढेचा आहे. काढली की माझा. कळतंय का? तोंडात घाण घेऊन झोपायचो, पण झोपायचो तरी. मनाशी म्हणायचो, दाह आहे ना, असू दे, दाढेचा आहे. सकाळी त्या वासाने मळमळायचं आणि बरंही वाटायचं. शी. माणूस किती हलकट असतो बघा, स्वतःच्या पुवाचा आधार घेऊन जगतो.

आणि मग रक्त परत घेतलं. अर्थात घेणारच की, ठरलंच होतं. आकडा आधीपेक्षा वर. सर्जनने कागद बघितला, चष्मा काढला, आणि म्हणाला, दाढ काढूनही आकडा वाढलाच, म्हणजे दाह तिथला नव्हता. मूळ जागेचाच आहे. तोंड उघडून बघ ना बाबा एकदा! नाही बघितलं. यकृतवाला तो, दाढ कशाला बघेल, आणि खोटं बोलणारा मी, त्याला कशाला शिव्या देऊ. म्हणाला, या परिस्थितीत मी परत कापायचं नाही असं म्हणेन. गोळ्या देऊ. हिला म्हणाला, घरी यांना आनंदात ठेवा. आनंदात ठेवा! बरणीत ठेवा म्हणतात तसं. मी बोलणार होतो. जीभ त्या दाढेवर होती माझी, तेव्हाही, अशी — आणि मी हिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. बराच वेळ. पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. मला वाटलं, आता कोसळते. म्हणून मीच म्हटलं, चल, घरी जाऊ.

तेव्हापासून घर म्हणजे — कसं सांगू — गोड. सगळं गोड गोड. मी ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी कुणी बोलत नाही. जावई आवाज न करता दार लावतो. लेक येते, बसते, मोबाइलसुद्धा बघत नाही, नुसती बसते. ओकारी येते मला त्या गोडव्याची. आणि परवा काय झालं, मी दुपारी झोपलोय असं वाटून ही जावयाला म्हणते, मला जरा पाण्याची मोटर कशी चालू करायची ते दाखवा. आमची ती मोटर जुनी आहे, हवा धरते, आधी वरचं झाकण सैल करून तिला पाणी पाजायला लागतं, मग बटण. ते काम कायम माझं. आजवर मी गावाला गेलो तर ही पाणी शेजारून आणायची, पण मोटरला हात लावायची नाही. आणि आता शिकून घेत होती. तेही त्याच्याकडून. मी खिडकीतून बघत होतो. झाकण उलट फिरवत होती, दोनदा अंगावर पाणी उडालं, पदर भिजला, तरी सोडेना. शेवटी चालू केली. आणि चालू झाल्यावर तिथेच उभी राहिली, मोटरकडे बघत.

म्हणून आज आलोय. दुसरं काही नाही. ती मोटर मला बघवली नाही.

आता समजलं ना काय करायचंय? गुपचूप दाढ काढायची. बरी होऊ द्यायची. मग दुसऱ्याच एका लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचं, कुणाला न सांगता. आकडा उतरला तर सर्जनसमोर जाऊन कान धरायचे, म्हणायचं, साहेब, मी खोटारडा आहे, पण कापा मला. आणि नाही उतरला — तर नाही उतरला. कुणाला कळणारच नाही. तिचं एकदा रडून झालंय. आता हे सांगितलं की ती परत नाचायला लागणार, दाढेमुळे, दाढेमुळे, परत मावश्यांना फोन, आणि मग आकडा तसाच आला तर? तिने दोनदा रडायचं का? एका नवऱ्यासाठी बाईने किती वेळा रडायचं, काही हिशेब? म्हणून तिला आणता येत नाही. लेकीला सांगितलं की जावयाला कळणार, जावयाला कळलं की आलेख. म्हणून तुम्ही. तुमचं काही जात नाही. घरी बिरी सोडायचं नाही मला, खालून बस मिळते. रक्त नाही थांबलं तर — थांबेल हो. नाही थांबलं तर तुम्ही काही साडू नाही माझे, तुम्ही निघून जा, मी काही म्हणणार नाही.

किती वेळ चाललंय आत! कुणाचा दात काढतायत की विहीर खणतायत. आणि तो थुंकल्याचा आवाज, दर मिनिटाला, ऐकताय ना, आणि वरून पाणी सोडतात की ते सगळं गरागरा — शी शी. अहो, माझ्याकडे असं बघू नका. तुम्हाला वाटतंय घाबरलाय. घाबरलोय तर घाबरलोय. दाढेला नाही घाबरलो, पोट फाडून घेतलेला माणूस आहे मी. काढल्यावर मग काय, याला घाबरलोय. मग तोंड स्वच्छ होईल, वास जाईल, आणि रक्तात जे असेल ते असेल, आणि ते माझं असेल. तेव्हा कुणाकडे बोट दाखवू?

आली, आली. नीट बसा. लक्षात आहे ना? उभी.

हो बाई, मीच. कागद आणलाय, हा घ्या, रिपोर्ट जोडलेत. हो, आणलंय ना, घरचं माणूस आणलंय. हे काय, हे माझे साडू. यांचाही गाल सुजलाय, म्हटलं दोघं एकदमच — विचारा ना, विचारा त्यांना. बोलता येत नाही त्यांना, पण मान हलवतील.

अहो.

अहो, मान आडवी का हलवताय? उभी! उभी ठरली होती ना आपली! बाई, त्यांना दुखतंय म्हणून, तशी हलतेय ती, त्यांना हो म्हणायचंय — परत आडवी? किती स्वच्छ हलवतोय बघा, न्यायाधीशासारखा! वा रे वा. एवढं सगळं ऐकून घेतलंत गप्प बसून आणि आता प्रामाणिकपणा सुचला. माणसं म्हणजे ना — नाही बाई, ओळखत नाही मी यांना. आत्ताच भेटलो. हो. खोटं बोललो. नाही, घरचं कुणी नाही आलं. फोन? फोन करून बोलावू? अहो बाई, ऐका तरी, मी लिहून देतो, माझ्या जबाबदारीवर — नाही का? बरं. करतो. तुम्ही त्यांना घ्या आत आधी. मी करतो फोन. किती वेळ आहेत डॉक्टरीणबाई? बरं. करतो म्हटलं ना.

तुम्ही काय, निवांत. आडवी मान.

...हॅलो. अगं मी. — नाही, बागेत नाही. — बसली आहेस का? बस जरा. — नाही, पडलो नाही, काही झालं नाही मला, ऐक. अगं ती दाढ. — हो, तीच, कुठली दुसरी. ती काढलीच नव्हती. — नाही. कापूस होता नुसता. — हो. आहे. तोंडातच आहे. — हॅलो? — ऐकतेयस ना? — काय?

...म्हणतेय, माहीत आहे.

म्हणतेय, शेजारी झोपते तुमच्या, नाक काय एकट्या तुम्हालाच आहे का. — अगं मग बोलली का नाहीस? त्या सर्जनसमोर गप्प का बसलीस, तो म्हणतोय कापणार नाही, आणि तू आपली चेन उघडतेस नि लावतेस — काय? — काय म्हणालीस? —

हिला वाटलं, मीच मुद्दाम ठेवली. परत कापून घ्यायचं नाही म्हणून. तिथे माझ्याकडे बघत होती ती, मी बोलतो का म्हणून वाट बघत होती. मी नाही बोललो. चल म्हटलं. म्हणतेय, मला वाटलं, यांनी ठरवलंय, यांचं शरीर आहे, एकदा सोसलंय त्यांनी, मी कशाला परत त्या टेबलावर ढकलू. म्हणून मोटर शिकून घेतली. — शी! शी, शी, शी. — नाही गं, तुला नाही म्हटलं शी. मला म्हटलं. — रडू नको. — मी कुठे रडतोय, दाढ दुखतेय.

हां, बोल. — दातांच्याच दवाखान्यात आहे. तू येशील का? घरचं माणूस पाहिजे म्हणतायत. आणि हे बघ, आकडा तसाच आला तर मग परत — काय विचारलंस? — इथे? अगं इथे माणसं बसलीत. घरी आल्यावर सांगतो. — आत्ता? फोनवर? — त्याशिवाय येणार नाही म्हणजे काय, हा काय हट्ट आहे! — हो. — हो म्हटलं. — हो म्हणजे हो, आणखी काय म्हणू? — अगं सगळे बघतायत माझ्याकडे. — बरं. बरं, थांब. — जगायचंय. — मोठ्याने काय? — मला जगायचंय! ऐकलंस? जगायचंय मला, आकडा गेला खड्ड्यात, जगायचंय! — हो. — ये. — ये लवकर.

काय बघताय? तुम्हाला केव्हाचं आत बोलावतायत, जा ना!